दाजींनी साफ करून दिलेला लॅपटॉप

चहा आधी संपवा, मग सांगतो. नायतर ठसका लागंल.

ताईचा साखरपुडा झाला तवा होणाऱ्या दाजींनी तिला स्वतःचा जुना लॅपटॉप दिला. म्हणले, "एकदम साफ करून दिलाय." साखरपुड्याचे फोटो आम्ही त्याच्यातच टाकले, आन् माझ्या हातून एक दिवस सगळे उडाले. ताई रडायलाच लागली. मग आम्ही दोघं उस्मानपुऱ्यात सलीमभाईच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात गेलो.

सलीमभाई म्हणले, "टेन्शन नको भाई. डिलीट केलं तरी फोटो आतच पडून राहतो, त्याच्यावर दुसरं काही लिहीपर्यंत."

थोड्या वेळानं एकेक फोटो परत यायला लागला. ताई हसली. "ह्यो बघ, अंगठी घालतानाचा!"

मग आणखी फोटो आले. मुंडावळ्या बांधलेले दाजी, गळ्यात हार, आन् शेजारी मंगळसूत्र घातलेली नवरी. ती आमची ताई नव्हती. ताईचं लग्न तर अजून व्हायचं होतं!

सलीमभाईनं हळूच विचारलं, "ये भाभी कौन?"

तेवढ्यात ताईला दाजींचाच फोन. "मिळाले का गं फोटो?"

ताई लई शांतपणे म्हणाली, "व्हय, सगळे मिळाले. तुम्ही पुसलेले बी."