ते हिरवं आमच्यासाठी होतं

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील पाहुणे मंडळी, आणि खुर्च्या कमी पडल्यामुळे भिंतीला टेकून उभे असलेले माझे सहकारी मित्रहो,

आज आपली संस्था सोडून निघालेल्या ताईंबद्दल दोन आनंदाचे शब्द बोला, असं अध्यक्षांनी बजावलंय. प्रयत्न करतो.

पाहुण्यांसाठी सांगतो, आम्ही सलाइनच्या पंपाचं सॉफ्टवेअर करतो. खुलं, फुकट, कुणीही न्यावं, वापरावं. त्याच्या चाचण्या ताईंकडे. त्यांची मांडणी दुहेरी. काम चालू असलेल्या आवृत्तीत अर्धवट भागांच्या चाचण्या बाजूला ठेवायच्या, नाहीतर रोजचं कामच अडतं. रुग्णालयांना द्यायच्या आवृत्तीत मात्र एकही वगळायची नाही. ‘घरात कसेही वावरा, बाहेर पडताना बटणं लावा,’ असं त्या म्हणायच्या. (हसा, त्यांनाही आवडेल.)

गेल्या वर्षी त्यांचे वडील आजारी पडले. रुग्णालयात उशाशी पंप, त्यात आपलंच सॉफ्टवेअर! ताई कौतुकानं स्क्रीनवर वाकल्या आणि तशाच डॉक्टरांकडे धावल्या. आवृत्ती चालू कामाची होती.

‘डॉक्टर, ही पेशंटला लावायची नसते हो!’

‘अहो, तुमच्याच साइटवर सगळ्या चाचण्या हिरव्या, म्हणजे पास, दिसत होत्या.’

‘ते हिरवं आमच्यासाठी होतं! अर्धवट भाग त्यात तपासलेलेच नाहीत.’

‘असेल. पण पंप बदलणं माझ्या हातात नाही.’

ताई खाटेशी बसून थेंब मोजत राहिल्या. वडील म्हणायचे, ‘पोरी, जरा पड.’ ‘पडते हं बाबा,’ म्हणायचं आणि पुन्हा मोजायचं. एका दुपारी थेंबांचा वेग आपोआप वाढला. त्यांनी नळी चिमटीत दाबून धरली आणि नर्सला हाक मारली. वडील वाचले, घरी आले. पण शेजारच्या खाटांवरचे थेंब कुणी मोजायचे?

आम्ही रुग्णालयाला कळवलं. ‘आभारी आहोत, विचार करू,’ असं उत्तर आलं. पुन्हा कळवलं, पुन्हा आभार. साइटवर ठळक इशारा लावला. पण ज्यांनी आधीच नेलं, त्यांना तो कुठून दिसणार? आणि खुल्या हातानं दिलेलं परत कोणत्या तोंडानं मागायचं? मी या संस्थेचा प्रमुख. सांगा, मी काय करायला हवं होतं?

ताई आता त्याच रुग्णालयात, यंत्रदुरुस्ती विभागात, खालच्या पदावर रुजू होताहेत. मी विचारलं, ‘तिथे तरी ऐकतील?’

‘माहीत नाही. पण इथून नुसतं कळवता येतं. तिथे दार तरी ठोठावता येईल.’

मी त्यांना थांबवलं नाही.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, ऋणी आहे. आनंदाचे शब्द अध्यक्षांच्या अपेक्षेपेक्षा कमी पडले. तेवढं पदरात घ्यावं. ताई, सांभाळून जा.