नदीत सोडलेला नवरा

...नाही, पण मला एक सांगा, विश्रांती मी मागितली होती का? लेकीकडे निघालो होतो आम्ही दोघं, सरळ जायचं, नातवाला उचलून घ्यायचं, संपलं. तर लेकीचा फोन, "बाबा, एवढा प्रवास सलग नको, मध्ये ते नदीकाठचं गाव लागतं ना, तिथे दोन दिवस थांबा, रिलॅक्स व्हा, मी बुकिंग केलंय." बुकिंग केलंय म्हणजे विषयच मिटला. आणि गाव कसलं, तर जिकडे बघाल तिकडे पाठीवर घरभर सामान घेऊन फिरणारी पोरं, आणि सगळी आडवी... गच्चीवर आडवी, जिन्यात आडवी. आमच्या खोलीत एकावर एक पलंग. खाली बायको, वर मी. या वयात शिडी चढून झोपायला जायचं, आणि काउंटरवरची पोरगी म्हणते, "चिल, अंकल."

तुम्हाला सांगतो, मी सबंध नोकरी पाणीपुरवठा खात्यात काढली, पण पाण्याशी माझा संबंध नळापुरता. पोहता येत नाही. तर सकाळी बायको म्हणते, "अहो, ते बघा, लोक ट्यूबमध्ये बसून कसे निवांत वाहत जातायत. तुम्ही पण जा." म्हटलं, "आणि तू?" तर म्हणे, "मी इथून बघते ना." विश्रांती मी मागितली होती का? पण ट्यूबवाल्याने तोवर माझ्या अंगात जॅकेट चढवून मला ट्रकच्या ट्यूबमध्ये बसवलंसुद्धा. बसवलं म्हणजे काय, मधल्या भोकात मी अर्धा आत, हातपाय वर, उताण्या झुरळासारखे. "काका, काही करायचं नाही, पुलाखाली दोर लोंबतोय तो धरायचा, माझा भाऊ ओढून घेईल." म्हटलं, ठीक आहे.

आता पुलाच्या अलीकडेच आमचं हॉटेल. व्हरांड्यात बायको उभी. तिला बघितलं आणि मला एकदम आठवलं... मी ओरडतोय, "अगं, खोलीला कुलूप लावलंस का?" ती हात हलवतेय. "गिझर बंद केलास का?" ती दोन्ही हात हलवतेय. मान मोडेस्तोवर मागे वळून विचारतोय, आणि तेवढ्यात दोर गेला. टकलाला चाटून गेला. मागून तो भाऊ ओरडतोय, "काका, दोर, दोर..." अरे बाबा, दोर तिथेच आहे, काका गेले.

पुढे नुसती नदी. डोंगर, झाडं, बगळे, सगळं सुंदर, पण मी उतरायचं कुठे? शेजारून एक दाढीवाला दुसऱ्या ट्यूबमधून चाललेला, डोळे मिटून. म्हटलं, "अहो, इथे उतरतात कुठे?" त्याने एक डोळा उघडला. "उतरायचं कशाला?" आणि मिटला. विश्रांती मी मागितली होती का हो?

शेवटी एका वळणावर वाळूत अडकलो. तिथे एक बाई हॉटेलांच्या चादरी धूत होती. तिने ओली चादर फेकली, मी टोक धरलं, तिने ओढलं. मला नीट बघून म्हणाली, "आराम करायला आला होता ना?" तिच्या नवऱ्याच्या टेम्पोत, चादरींच्या गाठोड्यांवर बसून परत निघालो. वाटेत मनात एकच, बायको काठावर रडत असेल, गाव गोळा झालं असेल, लेकीला फोन गेला असेल...

व्हरांड्यात आलो. बायको खुर्चीत, पाय कठड्यावर, केस मोकळे, हातात चहा. माझ्याकडे बघून म्हणते, "आलात? इतक्यात?"

म्हटलं, "अगं, मी वाहून गेलो होतो."

"माहितीये. ट्यूबवाला सांगून गेला, पुढे पाणी गुडघाभरच आहे." मग कप खाली ठेवला आणि हळूच म्हणाली, "रागावू नका. पण तुम्ही रिटायर झाल्यापासून आज पहिल्यांदा मला कुणी काही विचारलं नाही. गॅस बंद केला का नाही, भाजीत मीठ घातलं का नाही... काही नाही. बसले होते नुसती."

मी ओला, उभा. तिचा चेहरा बघितला. इतका निवांत चेहरा लग्नाच्या फोटोतसुद्धा नाही हो तिचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने स्वतः जाऊन ट्यूब ठरवली. शिवाय हॉटेलच्या स्वयंपाकघरातून डबा भरून आणून माझ्या हातात ठेवला. आता तुम्हीच सांगा, एवढी वर्षं नोकरी केलेला माणूस, बायकोने डबा हातात दिल्यावर निघाल्याशिवाय राहील का? निघालो.