शहाण्णव मिनिटांची चूक

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष माननीय धावजी साहेब, प्राचार्या विमलताई, व्यासपीठावरील मान्यवर, माझे सहकारी आणि विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

एकतीस वर्षं या पांढरकवड्यात मी पदार्थविज्ञान शिकवलं. आपण शाल दिलीत, विमलताईंनी चार चांगले शब्द बोलून संकोचात टाकलं. मागच्या फलकावर माझ्या नावाआधी ‘संशोधक’ लिहिलंय. तो एक शब्द मला आज परत करायचा आहे. ऐकून घ्याल ना?

माझी विद्यार्थिनी सोनू राठोड आणि मी दोन वर्षं एका दूरच्या दीर्घिकेचा अभ्यास करत होतो. तिच्या मध्यभागी महाकाय कृष्णविवर आहे. ते स्वतः दिसत नाही; पण त्यात ओढला जाणारा वायू एवढा तापतो की त्याच्या भोवतालातून क्ष-किरण निघतात. उपग्रहाने टिपलेल्या त्या नोंदी सगळ्यांना खुल्या असतात, म्हणून तर आपल्या प्रयोगशाळेतल्या जुन्या संगणकावर आम्हाला त्या पाहता आल्या. ते किरण दर शहाण्णव मिनिटांनी मंद व्हायचे. मी म्हणालो, वायूचा एखादा गोळा विवराभोवती फिरतोय. सप्टेंबरात आमचा शोधनिबंध छापून आला.

दिवाळीच्या सुट्टीत मी सहज दुसऱ्या एका दीर्घिकेच्या नोंदी उघडल्या. तीही शहाण्णव मिनिटांनी मंद होत होती. तिसरी उघडली. तेच. मग लक्षात आलं, तो उपग्रहच पृथ्वीभोवती शहाण्णव मिनिटांत एक फेरी मारतो. प्रत्येक फेरीत त्याच्या उपकरणात होणारी गडबड आम्ही विवराच्या नावावर लावली होती.

मी संगणक बंद केला आणि पाच महिने गप्प राहिलो. का? आयुष्यात एकदाच नाव छापून आलं होतं, म्हणून. दुसरं कारण मला सापडत नाही. त्याच निबंधाच्या बळावर सोनूची पुण्याच्या एका संस्थेत पीएच.डी.साठी निवड झाली. तिच्या बंजारा तांड्यावर पेढे वाटले. मीही खाल्ला.

परवा तिला बोलावून सांगितलं. सोबत तिची आई, मानीबाई होत्या. सोनूने विचारलं, “सर, तुमाले कवा समजलं?”

“दिवाळीत.”

“म्हंजे मी डिसेंबरात फॉर्म भरला, तवा तुमाले मालूम होतं.”

मानीबाईंनी हळूच विचारलं, पोरीचं आता काय होईन.

सोनूने तिथंच बसून निबंध मागे घेत असल्याचं पत्र लिहिलं. चूक माझ्या एकट्याची आहे असं लिही, म्हणून मी हात जोडले. “तपासायचं काम माह्यंही होतं, सर,” एवढंच म्हणाली आणि दोघांची नावं घातली. तेच पत्र पुण्याला पाठवलं. अजून उत्तर नाही. आज सकाळपासून ती माझा फोन उचलत नाही. मानीबाई तेवढ्या आल्यात, शेवटच्या रांगेत बसल्यात.

संस्थेने मला सांभाळलं, सहकाऱ्यांनी जीव लावला, आपण सगळे वेळ काढून आलात, मनापासून आभार. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. त्या पाच महिन्यांची माफी मात्र आपल्याकडे मागत नाही. ती देणारी या सभागृहात नाही.