शेजारची सीट

काकू : ऊठ. ती माझी जागा आहे. शिकणाऱ्याने स्टिअरिंगमागे बसायचं.

मुलगी : मला इथूनच शिकायचंय.

काकू : इतकी वर्षं ड्रायव्हिंग शिकवतेय, पण शेजारी बसून गाडी चालवणारी तू पहिलीच. अठरा पूर्ण झाल्या झाल्या धावत आलीस ती याच्यासाठी? आणि आधी ते पाय हलवणं थांबव. गाडी बंद असून डुगडुगतेय.

मुलगी : मला चालवायची नाहीच. थांबवायचीय. इथे खाली तुमचा वेगळा ब्रेक असतो ना?

काकू : तो क्लासच्या गाडीला. घरच्या गाडीला कुठला?

मुलगी : मग घरच्या गाडीत इथे बसलेल्याने काय करायचं?

काकू : गाणी लावायची आणि चालवणाऱ्याचं डोकं खायचं. अगं, तो कप्पा किती वेळा उघडशील? हातात येईल एखाद्या वेळी.

मुलगी : सांगा ना! हा मधला हँडब्रेक ओढला तर थांबते?

काकू : सरळ बोल. कोण चालवत होतं?

मुलगी : बाबा. मी इथे होते. बोलता बोलता त्यांची मान पुढे पडली. गाडी आपली चाललीच होती, भिंतीला जाऊन लागली. हार्ट अटॅक. डॉक्टर म्हणाले, भिंतीच्या आधीच गेले होते. डॉक्टर काय, सगळ्यांनाच असं सांगतात.

काकू : आई काय म्हणते?

मुलगी : काहीच नाही. गाडी दुरुस्त होऊन आली, तिला कुणी हात लावायचा नाही. विषय बदलू नका. हँडब्रेक माझ्या हाताशी होता. ओढला असता तर?

काकू : थांबली असती. खोटं सांगून तुझी समजूत काढू? चल, पट्टा लाव. समोरचं मैदान मोकळं आहे. मी हळू चालवते आणि मध्येच मान टाकते. तू थांबव. पायाखाली ब्रेक, हाताशी हँडब्रेक. सांगून करतेय, तेव्हा घाबरायचं नाही.

(गाडी मैदानात शिरते.)

मुलगी : काकू? काकू! अहो काकू!

काकू : ओरडू नकोस, जिवंत आहे. मीच दाबला ब्रेक.

मुलगी : पुन्हा. या वेळी नक्की.

काकू : बघ हं.

मुलगी : काकू!

काकू : केस सोड माझे.

मुलगी : मूर्ख आहे मी! नाटक आहे हे माहीत होतं मला! पुन्हा चालवा, चला ना, पुन्हा!

काकू : नाही. आधी बघ, तुझे हात कुठे आहेत.

मुलगी : तुमच्या कपाळावर.

काकू : पाय?

मुलगी : वर. सीटवर.

काकू : दोन्ही ब्रेक मोकळे, दोन्ही वेळा. मी तुझी कोणी लागत नाही, वर आधी सांगूनही ठेवलं होतं. तरी तू मलाच धरलंस.

मुलगी : बाबांनाही असंच धरलं होतं. डोकं स्टिअरिंगवर आपटू नये म्हणून. गाडी थांबली तरी सोडलं नाही.

काकू : मग आपटलं?

मुलगी : नाही.

काकू : आणि तू काही केलं नाहीस, असं कोण म्हणतं?

मुलगी : मीच म्हणते. रोज. मला त्यांची फार आठवण येते हो, काकू.

काकू : येणारच गं. रड. रुमाल त्या कप्प्यात आहे, मघापासून उघडतेयस त्याच.

(मुलगी कप्पा उघडून रुमाल काढते.)

काकू : झालं? आता उतर आणि वळसा घालून इकडे ये.

मुलगी : तुम्ही ब्रेकवर पाय ठेवाल?

काकू : तेच तर काम माझं. सीट पुढे घे. आरसा तुझ्या उंचीला लाव.

मुलगी : आमच्या गाडीतला अजून बाबांच्या उंचीला आहे.

काकू : तो राहू दे तसाच. हा लाव.