साडेचारची टेप

(ईस्टरचा रविवार, दुपारचे साडेतीन. अमेरिकेतल्या कॅरी गावच्या टीव्ही चॅनलची छोटी कंट्रोल रूम. सुमंत आणि त्याची बायको कांचन.)

कांचन : आणि हे साडेचारला काय लिहिलंय? 'जुनी टेप'? सकाळी या कागदावर सशांचा कार्यक्रम होता.

सुमंत : ससे उद्यावर टाकले.

कांचन : बार्बराला विचारलंत?

सुमंत : बार्बरा बहिणीकडे हॅम खायला गेली आहे. दिवाळीला ती आपली ड्यूटी करते, ईस्टरला आपण तिची. बारा वर्षं बसतोय इथे, एक मिनिट इकडचं तिकडे केलं नाही. आजही पहाटे तळ्याकाठची प्रार्थना लावली, मग हॅमची पाककृती, मग पार्कात पोरं अंडी शोधतात ते. सगळं वेळेवर.

कांचन : म्हणूनच विचारतेय. कसली टेप?

सुमंत : नाटकाची.

कांचन : आपल्या? एकतीस वर्षांपूर्वीच्या? ती कुठून उगवली?

सुमंत : विवेकने पाठवली. आता चँडलर गावी राहतो ना, तिथे गराज आवरताना सापडली त्याला. त्याने कॅमेरा विंगेत लावला होता, आठवतंय? माझ्या खुर्चीमागे. सगळे हसले होते त्याला, नटांच्या पाठी शूट करतोय म्हणून.

कांचन : कधी आली?

सुमंत : महिना झाला.

कांचन : महिना. आणि मला आज कळतंय.

सुमंत : शेवटचा प्रवेश आहे फक्त, अठरा मिनिटांचा. चार वाजता आपल्या नाटकाच्या हिरोची, गिरीशची मुलाखत, ती संपली की लगेच हा. मध्ये काही नाही. कोणाच्या हाताला रिमोट लागायच्या आत सुरू.

कांचन : अहो, मुलाखत बघायला साठ माणसं बोलावलीयत त्यांनी घरच्या बेसमेंटमध्ये. त्यांची बायको शैलजा दोन दिवस राबतेय. आपल्यालाही बोलावलं होतं.

सुमंत : म्हणून तर आज.

कांचन : असं काय आहे त्या टेपमध्ये?

सुमंत : आधी मुलाखतीत काय आहे ते ऐक. मी परवाच फाईल तपासली. बाविसाव्या मिनिटाला तोच किस्सा. आय वेंट ब्लँक, अँड अवर प्रॉम्प्टर सुमंत, स्वीट गाय, वॉज फास्ट अस्लीप. मुलाखत घेणारी बाई पोट धरून हसते. आता मराठी मंडळाबाहेरच्यांनाही कळेल.

कांचन : गंमत म्हणून सांगतात ते.

सुमंत : मंडळात काही वाचायला उभा राहिलो की मागून कोणीतरी घोरण्याचा आवाज काढतं. राजीवच्या लग्नात गिरीशने तो किस्सा माईकवर सांगितला, व्याह्यांसमोर. आपल्या मुलाच्या लग्नात, कांचन. मी आता वाचायला उभाच राहत नाही. तुला सांगतो, मलाच वाटायला लागलं होतं की झोपलो असेन. दिवसभर नोकरी, वर तालमी. लागला असेल डोळा. बाकी सगळे हसत असताना माणूस स्वतःवर किती दिवस विश्वास ठेवणार?

कांचन : चहा घ्या जरा.

सुमंत : चहा नको. हे बघ, आपल्यापुरती लावून दाखवतो. हा गिरीश अडला. आता कान दे. 'दार उघडं होतं म्हणून आलो.' हा माझा आवाज, त्याला वाक्य देतोय. हे परत, जरा मोठ्याने. आणि हे तिसऱ्यांदा. पहिल्या रांगेतसुद्धा गेलं असेल. आता तो लोकांकडे वळतो. 'आमचा प्रॉम्प्टर झोपलाय वाटतं.' आणि हशा. अडला तो, आणि झोपलो मी.

कांचन : बंद करा.

सुमंत : त्याच्यासमोर कोण उभं आहे?

कांचन : मी.

सुमंत : तिसऱ्यांदा बोललो तेव्हा तू विंगेकडे मान वळवलीस. महिनाभर मी त्यालाच बघत होतो. परवा पहिल्यांदा तुझ्याकडे लक्ष गेलं.

कांचन : म्हणजे ही टेप माझ्यासाठीही आहे.

सुमंत : तुला ऐकू आलं होतं.

कांचन : पहिल्यांदाच आलं होतं.

सुमंत : आणि सगळ्यांबरोबर तूही हसत आलीस.

कांचन : मॅनेजर होते ते तुमचे. ग्रीन कार्डच्या कागदांवर त्यांची सही व्हायची होती. राजीव नुकता शाळेत जायला लागला होता. नाटकानंतरच्या पार्टीत सगळ्यांसमोर त्यांना खोटं पाडायचं होतं का मी?

सुमंत : सही जूनमध्ये झाली. जुलैत सांगायचंस.

कांचन : जुलैपर्यंत तो किस्सा झाला होता. तुम्ही तरी कधी म्हणालात, मी जागा होतो म्हणून? पुस्तक उघडून कोपऱ्यात बसायचात. मला वाटलं, विसरले. तसं वाटणं मला सोयीचं होतं. घ्या, सांगितलं खरं. आता ससे लावा.

सुमंत : तुला तर तेव्हापासूनच माहीत होतं. बाकीच्यांना कळायचंय.

कांचन : साठ माणसांत लाज काढून काय मिळणार आहे?

सुमंत : मला ते बेसमेंट एकदा गप्प झालेलं हवंय. एवढंच.

कांचन : आणि मी पडद्यावर मान वळवून उभी.

सुमंत : हो. तूही.

कांचन : बरं.

सुमंत : मुलाखत संपत आली, साडेचारला एक मिनिट आहे. गिरीश हात जोडतोय बघ कॅमेऱ्याला. लावू?

कांचन : मला विचारू नका.

सुमंत : लावली.

कांचन : किती बारीक होतो हो आपण सगळे.

सुमंत : बोलू नकोस. आता येईल तो भाग.

कांचन : आला. ऐकू येतंय अगदी स्वच्छ. मला वाटलं होतं, एवढं येणार नाही.

सुमंत : संपलं. ससे लावले असते तर आत्ता गाजर खात असते. फोन वाजतोय, बघ कोण आहे.

कांचन : गिरीशभावजी. स्पीकरवर टाकते.

गिरीश : अरे सुमंता, काय माणूस आहेस यार. इथे सगळ्यांचे डोळे ओले. शैलजा म्हणते, केस बघा केवढे होते तुमचे. टेप होती तुझ्याकडे आणि बोलला नाहीस? थांब, तुला सगळ्यांना ऐकवतो. मंडळी, हा आपला सुमंत.

सुमंत : नीट ऐकलीस ना टेप?

गिरीश : ऐकली म्हणजे काय. फक्त मध्येच मागून कोणीतरी बडबडतंय. तेवढं एडिट कर आणि मला कॉपी पाठव. जयला दाखवतो, त्याचा बाप हिरो होता म्हणून.

सुमंत : तो मी आहे.

गिरीश : कोण?

सुमंत : मागून बोलणारा. तुझं वाक्य तुला देतोय. तीनदा दिलं. मी जागा होतो, गिरीश.

गिरीश : हॅलो? अरे, इथे फार गोंगाट आहे, नीट ऐकू नाही आलं.

कांचन : द्या इकडे. भावजी, कांचन बोलतेय. गोंगाट नाहीये तिथे, सगळे गप्प बसलेत, इथपर्यंत कळतंय. हे झोपले नव्हते. तीनदा वाक्य दिलं यांनी. मी तुमच्यासमोर दोन हातांच्या अंतरावर उभी होते, मला आलं ऐकू. तुम्हालाही आलं होतं, तुम्ही घाबरला होतात. इतकी वर्षं मी बोलले नाही, ती माझी चूक. तुमची तुम्ही बघा.

गिरीश : कांचन, अगं, घरी पाहुणे आहेत. मी नंतर करतो.

कांचन : ठेवला.

सुमंत : पाच वाजत आले. चर्चचं गाणं लावतो.

कांचन : किती वेळ आहे ते?

सुमंत : अर्धा तास. साडेपाचला पहाटेची प्रार्थना पुन्हा दाखवायची आहे.

कांचन : ती सकाळी बघितली सगळ्यांनी.

सुमंत : मग काय लावू?

कांचन : तुम्हाला ठाऊक आहे काय ते. पुन्हा लावा.