गंजीखालची गाडी

मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा. मृदंगवाले बुवा, तुम्हीही हात थांबवा. आज देवाच्या दारात एक प्रश्न टाकतो. माणूस लबाडी करतो, मग ती लपवायला जागा शोधतो. ती जागा कोणाची असते? स्वतःची? नाही हो. स्वतःच्या घराची तर पहिली झडती होते! मग कोणाची?

आता ऐका. केरबा जगदाळे नावाचा एक माणूस होता. पांढरी मोटार भाड्याने चालवायचा. लग्नसराईत त्याच्या गाडीला उसंत नव्हती. नवरदेव बदलायचे, गाडी तीच. गाडी कर्जावर घेतलेली, म्हणजे कागदावर केरबाच्या नावाबरोबर कर्ज देणाऱ्या कंपनीचंही नाव होतं. पण रोज पुसून पुसून केरबाला वाटायला लागलं, की गाडी माझी एकट्याचीच.

पुढे आजारपण आलं. हप्ते थकले. कंपनी कोर्टात गेली आणि कोर्टाने हुकूम दिला, गाडी जमा करा. केरबाने काय करावं? कोर्टात उभं राहून अडचण सांगावी. त्याने काय केलं? शपथेवर लिहून दिलं, 'गाडी मी विकली, घेणारा कुठला ते ठाऊक नाही.' आणि गाडी नेली थोरल्या बहिणीच्या गावाला.

बहिणीचा नवरा, म्हणजे केरबाचे दाजी, गावचे पोलीसपाटील. तुकाराम मोहिते. माणूस कसा? दोन भावांत बांधावरून भांडण लागलं, की दाजी बांधावर उभे राहायचे आणि सांगायचे, "हद्द ही." संपलं. पुढे मोजणी नाही, वकील नाही. असा एक शब्द माणसाजवळ असावा, मंडळी. दुसरं काय लागतं?

केरबा म्हणाला, "दाजी, चार महिने गाडी ठेवा. वर कडबा रचू."

दाजी म्हणाले, "पावणं, गाडीला ऊन लागतंय व्हय? का झाकायची?"

केरबाने खरं सांगितलं. आक्का दारात उभी होती. तिने एवढंच म्हटलं, "पाठचा भाऊ हाय माझा." झालं. गोठ्याशेजारी गाडी उभी राहिली, तिच्याभोवती कडब्याची गंजी चढली. म्हशी येता-जाता गंजीला तोंड लावायच्या. काय नशीब बघा, गाडी राखायला म्हशी! हसताय? हसून घ्या. पुढे हसायला जागा नाही.

दसरा जवळ आला. खंडेनवमीला कोयता-विळ्यापासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्याची पूजा होते. गाडीवाल्याची गाडी त्या दिवशी बिनपूजेची राहिली, तर त्याच्या घशाखाली घास उतरत नाही. केरबा एसटीने आला. पिशवीत झेंडूचा हार, नारळ, लिंबं.

आक्का म्हणाली, "आरं, घरातनंच हात जोड की."

"आक्का, वरीसभर पोट भरलंय तिनं. हात जोडून भागतंय व्हय?"

समोरच्या पेंढ्या काढल्या. बॉनेट धुतलं, कुंकवाचं स्वस्तिक काढलं, हार घातला. आणि मग काय करायचं असतं? तुम्ही सगळे करता. पुढच्या चाकांखाली लिंबं ठेवायची आणि गाडी त्यांच्यावरून न्यायची. केरबाने किल्ली फिरवली. गाडी हातभर पुढे आली, लिंबं चिरडली, गाडी परत मागे गेली. पेंढ्या पुन्हा रचल्या. केरबाला बरं वाटलं. देवाला फसवलं नाही ना! कोर्टाला फसवलं, ते चालतं.

सण उरकला तरी केरबा तिथेच राहिला होता, तेवढ्यात कोर्टाचा बेलीफ आला. केरबा आतल्या खोलीत भिंतीला लागून बसला. बाहेरचं सगळं ऐकू येत होतं.

"पाटील, तुमच्या मेव्हण्याची गाडी इकडं आहे म्हणतात. आहे का?"

केरबाला दाजींचा श्वास ऐकू आला. मग शब्द आला, "माझ्या दारी गाडी नाही."

बेलीफ म्हणाला, "तुम्ही म्हणताय म्हणजे झडती कशाला." चहा प्याला. कप ठेवून हात धुवायला गोठ्याजवळच्या हौदाकडे गेला. आणि थांबला. गंजीच्या पुढे चिरडलेलं लिंबू, ओल्या मातीत टायरची नक्षी.

तो हळूच म्हणाला, "पाटील, गंजीला चाकं कधीपासनं आली?"

बेलीफाबरोबर आलेल्या माणसांनी पेंढ्या उपसल्या. सुकलेल्या हारासकट गाडी निघून गेली.

कोर्टात न्यायाधीश म्हणाले, "हप्ते थकले म्हणून कोणी तुरुंगात जात नाही. येऊन अडचण सांगितली असती, तर मुदत मागता आली असती. तू शपथेवर खोटं सांगितलंस आणि हुकूम मोडलास." केरबाला कैद झाली. गाडीचा लिलाव झाला, त्यातून कर्ज पुरतं फिटलं नाही, उरलेलं डोक्यावर राहिलं. दाजींनी कोर्टात सगळं कबूल केलं, म्हणून तुरुंग चुकला. पोलीसपाटलकी गेली.

केरबा सुटला तो पुढच्या वर्षी, भाऊबीजेच्या तोंडावर. आक्काकडे गेला. दाजी ओसरीवर बसले होते. "या पावणं," म्हणाले आणि पुन्हा रस्त्याकडे बघत राहिले.

आक्काने पाट मांडला, ओवाळलं. केरबाने ताटात काही टाकायला हात पुढे केला. तिने तो धरला.

"राहू दे. सकाळी चव्हाणांच्या दोघा भावांचं बांधावरनं वाजलं. ह्याच दारावरनं तालुक्याला गेले वकील बघायला. ह्यांना हाक कुणी मारली नाही."

"आक्का, मी भोगली की शिक्षा."

"तुझी संपली रं. ह्यांची कवा संपायची?"

केरबा पाटावर तसाच बसून राहिला. बाहेर ओसरीवर दाजी बसलेलेच होते.

मंडळी, आता माझ्याकडे बघू नका. खाली बघा. लबाडी तुम्ही कोणाच्या दारात झाकून ठेवली आहे? बहिणीच्या? मित्राच्या? तो माणूस तुमच्यासाठी कोणापुढे 'नाही' म्हणतो आहे? आज इथून उठलात, की आधी त्या दारात जा. आपल्या हाताने पेंढ्या उपसा. त्याचा शब्द शाबूत आहे तोवर जा. मग या आणि नाम घ्या.