काचेत थुंकणारी

अहो, पण काचेत थुंकायचं कशाला, मला आधी ते सांगा! पोहायचं कबूल, खारं पाणी कबूल, त्या नळीचा रबरी वास कबूल... पण चाळीस मुलींसमोर थुंकायचं?

तुम्हाला सांगते, आमची शाळा शिरूर अनंतपाळची, सहल मालवणला, मुली एकेचाळीस. आणि शिल्पा मॅडमचं सकाळपासून एकच, "जोडी करा गं, जोडी करा!" एकेचाळीसच्या जोड्या केल्या की उरतं कोण? मी. दरवेळी मीच! जाताना बसमध्ये माझ्या शेजारी चिवड्याचा डबा होता. चौदा तास. डबा चांगला होता हो, वळणावर अंगावर यायचा एवढंच.

म्हणून मी ठरवलं होतं, आज समुद्राखाली एक तरी भारी मासा बघायचाच. मग परतताना कुणीतरी म्हणेल, "खरंच? सरक की जरा, सांग मला." बस, एवढंच हवं होतं!

मासे दाखवायला नेणाऱ्या बोटीवरच्या काकांनी श्वासाची नळी आणि तोंडावर लावायची काच दिली आणि म्हणाले, "आतून थुकून पुसा गो, नायतर धुरकटतली." सगळ्या थिजल्या. आमच्याकडे नळ आठ दिवसांनी येतो. हौदाजवळ कुणी नुसतं खाकरलं तरी आजोबा काठी घेऊन उठतात! मग मनस्विनीने, म्हणजे आमच्या मॉनिटरने, तोंडाने नुसता "थू" असा आवाज काढला. तिचं बघून सगळ्यांनी. मी बघत होते ना, एकीचीही काच ओली झाली नाही.

मॅडम पुन्हा, "जोडी करा!" माझ्या वाट्याला काका आले. मी डोळे मिटले, मनातल्या मनात आजोबांची माफी मागितली आणि थुंकले. चांगली. आवाजासकट.

आणि खाली... अहो, खाली काय सांगू! पोवळ्याच्या खडकातून एक पिवळा मासा आला, काळ्या पट्ट्यांचा, तळहाताएवढा, आणि माझ्या नाकासमोर येऊन थांबला. एकटाच. त्यालाही कुणीतरी जोडी करा म्हटलं असणार! मी काकांचा हात दाबला, बोलणार कशी, नळी तोंडात. आजूबाजूला सगळ्याच गप्प. पहिल्यांदाच अख्खा वर्ग माझ्यासारखा!

परतीच्या बसमध्ये मात्र सुटल्या. "मी कासव बघितलं!" "माझा मासा लई मोठा, वासराएवढा!" त्या धुरकट काचेतून बरा दिसला! मी उठले, घसा साफ केला, म्हणाले, "मी... एक पिवळा..."

"ए, तिच्याजवळ नको बसू!" मनस्विनी किंचाळली. "खरंखरं थुंकली ती! म्या बघितलं ना, शी!"

बसले परत. मासा चिवड्याच्या डब्याला सांगितला, पट्ट्यांसकट, हळू आवाजात. ऐकत होता बिचारा. तोवर सोलापूर आलं. मॅडम पुढून ओरडल्या, "उतरा, जोडी करा! आणि भुका लागल्यात, तो डबा इकडं द्या गं!"